घासण्याआधी : इंजिन हेडच्या किरकोळ इजांविषयी

इंजिन उघडून हेड टेबलावर उलटं ठेवलं आणि त्याच्या फेसवर एखादा ओरखडा दिसला, की गॅरेजमध्ये दोनपैकी एक वाक्य ठरलेलं असतं. "काही होत नाही, बसवून टाका," किंवा "फेसिंग मारून आणा." गाडी संध्याकाळपर्यंत द्यायची असेल तर पहिलं, गिऱ्हाईक खर्चाला तयार असेल तर दुसरं. ओरखडा मात्र दोन्ही वेळा कोणी धड पाहिलेला नसतो. तो कसा पाहायचा, मग त्याचं काय करायचं आणि काय करू नये, एवढ्यापुरतीच ही पुस्तिका आहे.

विषय लहान आहे, हे मान्य. हेड वाकलं, चिरलं, वितळलं तर त्यावर लिहिलेलं पुष्कळ सापडतं. किरकोळ इजांची बोळवण मात्र कंपनीचं मॅन्युअल एका ओळीत करतं: फेस स्वच्छ करा, तपासा, खराब असल्यास हेड बदला. बदला म्हणायला कंपनीचं काय जातं! नव्या हेडची किंमत ऐकून पंधरा वर्षांच्या गाडीचा मालक गाडीच काढून टाकायचा विचार करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणजे जिथे निर्णय खरोखर मेकॅनिकच्या डोळ्यावर आणि बोटांवर असतो, तिथेच छापील मदत सगळ्यांत कमी. ही उणीव भरावी म्हणून हा खटाटोप.

आधी त्या फेसवर काय काम पडतं ते पाहू. किर्लोस्करचं टीव्ही-१ हे एक सिलेंडरचं, पाण्याने थंड होणारं डिझेल इंजिन आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत आहे. बायोडिझेलवरच्या भारतीय शोधनिबंधांत तर ते इतक्यांदा भेटतं की करंजीचं असो वा मोहाचं, तेल कुठलंही असलं तरी इंजिन हेच. त्याचा बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, वेग मिनिटाला १५०० फेरे. बोअरचं क्षेत्रफळ काढलं तर ६० चौरस सेंटिमीटर येतं. पूर्ण लोडवर सिलेंडरमधला दाब ७० बारच्या घरात जातो. गुणाकार केला की कळतं, प्रत्येक स्फोटाला हेड वर उचलायला चार टनांहून जास्त जोर लागतो आहे. फोर स्ट्रोक इंजिन, म्हणजे मिनिटाला ७५० स्फोट, सेकंदाला साडेबारा. हा जोर बोल्ट पेलतात. पण पेटलेला वायू, थंड करणारं पाणी आणि दाबाखालचं तेल यांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं काम मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीच्या गॅस्केटचं, आणि गॅस्केट ते करू शकतं ते वरच्या-खालच्या दोन्ही फेसच्या भरवशावर.

किर्लोस्करच्या त्या इंजिनात हेड आणि ब्लॉक दोन्ही बिडाचे. मोटारीत मामला अवघड होतो, कारण तिथे बऱ्याचदा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. चार सिलेंडरचं ४०० मिलिमीटर लांबीचं हेड ७० अंशांनी तापलं तर साधारण ०.६४ मिलिमीटरने वाढतं. खालचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला ०.३१ मिलिमीटरच्या आसपास. राहिलेला एक तृतीयांश मिलिमीटर कुठे जातो? गॅस्केटच्या अंगावरून सरकतो. गाडी सुरू करून गरम झाली की एकदा बाहेरच्या दिशेने, बंद करून गार झाली की परत आत, आणि हे रोज. ओरखड्याचा विचार करताना हे सरकणं विसरता येत नाही, कारण खरखरीत फेस गॅस्केटवर स्वस्थ बसलेला नसतो, तो त्याला घासत असतो.

आता गॅस्केट. जुन्या पिढीचे मेकॅनिक आजही त्याला पॅकिंगच म्हणतात, आणि त्यांच्या काळात ते होतंही पॅकिंगच: दोन्ही बाजूंना तांब्याचा पत्रा, मध्ये ॲस्बेस्टॉस. ते मऊ होतं, दाबलं की फेसवरच्या लहानसहान खळग्यांत शिरायचं. नुसतं तांब्याचं असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचं, मऊ पडलं की पुन्हा वापरायचं. वरून शेलॅकचा हात फिरवला की झालं. अशा पॅकिंगला थोडा खरखरीत फेसच मानवायचा, गुळगुळीत फेसवर ते पकड घेत नसे. कापणाऱ्या हत्याराच्या रेषा बोटांना जाणवल्या तर कारागीर त्यालाच चांगलं काम म्हणत, आणि ते बरोबर होतं. मात्र हे पॅकिंग तापून-निवून बसत जायचं, ढिलं पडायचं, म्हणून काही तास इंजिन चालवल्यावर हेड पुन्हा आवळावं लागे.

१९९० च्या दशकापासून मोटारींत स्टीलच्या थरांचं गॅस्केट रुळलं. आपले मेकॅनिक त्याला पत्र्याचं गॅस्केट म्हणतात. स्प्रिंगच्या स्टीलचे पातळ पत्रे एकावर एक, त्यांना भोकांभोवती उठाव दिलेले, आणि बाहेरून रबराचा लेप. हा लेप जेमतेम ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर जाड. हे गॅस्केट खळगे भरत नाही. ते उठावाच्या ताणाने वर-खाली दाबून धरतं, आणि अगदी बारीक रेषा तेवढ्या लेपात मिटतात. लेपाहून खोल जे काही असेल ते तसंच उघडं राहतं. खरखरीतपणाची अपेक्षाही उलटली. जुन्या पॅकिंगला सरासरी दीड ते तीन मायक्रॉनचा खरखरीतपणा चालायचा, पत्र्याच्या गॅस्केटला तो साधारण ०.८ मायक्रॉनच्या आत हवा असतो. त्याहून खरखरीत असेल तर ते रोजचं सरकणं लेप खरवडून टाकतं.

उस्तादांनी शिकवलेल्या बऱ्याच गोष्टी आज अंगाशी येतात त्या यामुळे. ते चुकीचं शिकवत नव्हते. त्यांच्या हातातलं गॅस्केट वेगळं होतं. तरुण मेकॅनिक मात्र त्यांचा हात तसाच उचलतो. नव्या लेपावर वरून अनाबॉन्ड सिलंटचा थर देतो, आणि दाबलेला सिलंट पाण्याच्या वाटेत जाऊन बसतो. गॅस्केटच्या पाकिटावर कोरडं बसवा असं छापलेलं असतं. ते इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत, हेही खरं.

या पुस्तिकेत मला मुख्य सांगायचं आहे ते इथून पुढचं. ओरखडा किती लांब आणि किती खोल हे आपण पहिल्यांदा पाहतो. पाहायचं असतं ते हे, की तो कुठून निघतो आणि कुठे पोचतो.

हेडच्या फेसचा एक नकाशा असतो. मधे सिलेंडरची वर्तुळं, त्यांना लागून गॅस्केटची फायर रिंग, म्हणजे पेटलेला वायू अडवणारी कडी. भोवताली पाण्याची भोकं. एक-दोन ठिकाणी दाबाखालच्या तेलाचं भोक, त्याच तेलाच्या परतीच्या मोठ्या वाटा, आणि बोल्टांची भोकं. या सगळ्यांच्या मधली जमीन सारख्या मोलाची नाही. दोन सिलेंडरमधला चिंचोळा पट्टा सर्वांत महाग. तिथे दोन्ही बाजूंनी आग आणि थंड करायला पाणी जवळ नाही, म्हणून गॅस्केट जातं ते बहुधा तिथेच. तेलाची परतीची वाट आणि बाहेरची कड यांमधली जमीन त्या मानाने स्वस्त. तिथून तेल झिरपलं तर इंजिन बाहेरून ओलं दिसेल, पण बंद पडणार नाही.

चार सिलेंडरचं एक हेड डोळ्यांसमोर आणा. त्याच्या बाहेरच्या कडेला समांतर लांबलचक ओरखडा आहे, नख सहज अडतं. पाहताच पोटात गोळा येईल असा. पण तो बोल्टांच्या ओळीच्या बाहेरून जातो, ना पाण्याच्या भोकाला शिवतो ना चेंबरला. त्याची उठलेली कड तेलाच्या दगडाने मोडली की विषय संपला. त्याच हेडवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मधल्या पट्ट्यावर जुनं गॅस्केट खरवडताना पटाशीचं टोक घसरून उमटलेली रेघ आहे. लांबी जेमतेम आठ मिलिमीटर, अंगठ्याखाली झाकली जाते. ती मात्र एका चेंबरच्या काठापासून दुसऱ्या चेंबरच्या काठापर्यंत आडवी गेली आहे. पेटलेल्या वायूला रस्ताच आखून दिल्यासारखं. आधी त्यातून किंचित वायू निसटेल, निसटताना ती वाट धुपत रुंद करेल आणि काही हजार किलोमीटरमध्ये इंजिन दोन सिलेंडरवर थरथरू लागेल. मालक म्हणेल नोझल गेली, आणि नोझल तपासण्यात दोन दिवस जातील.

म्हणून नियम असा धरावा: फायर रिंगच्या गोलाईला समांतर जाणारी रेघ आडव्या रेघेहून कमी धोक्याची, दोन वेगवेगळ्या वाटांना जोडणारी रेघ, मग ती कितीही बारीक असो, धोक्याची, आणि फायर रिंगखाली नख अडेल असं काहीही किरकोळ नाही. पाण्याच्या भोकाच्या काठावरचे खड्डे रिंगपासून लांब असतील तोवर दुरुस्तीला वाव असतो.

हा नकाशा कुठे मिळेल? मॅन्युअलमध्ये शोधायची गरज नाही. उतरवलेलं जुनं गॅस्केट हाच नकाशा, आणि गॅरेजमध्ये ते सर्वांत आधी भंगारात जातं. ते फेकू नये. हेड उतरवल्यावर गॅस्केट कोणत्या बाजूने कसं होतं याची खूण करून ते उजेडात धरावं. फायर रिंग सगळीकडे सारख्या करड्या रंगाची असेल तर तिथे सील ठीक होतं. रिंगच्या बाहेर काजळीची जीभ निघालेली दिसली तर तिथून वायू जात होता. पाण्याच्या भोकाकडून रिंगकडे तपकिरी माग आला असेल तर पाणी आत शिरत होतं. रबर एका पट्ट्यात सोलून निघालं असेल तर समोरच्या धातूवर हात फिरवून पाहा, तिथे खरखर सापडेल. मग तेच गॅस्केट हेडवर उलटं ठेवून प्रत्येक ओरखडा त्याच्या कुठल्या भागाखाली येतो ते मार्करने टिपावं. पाच मिनिटांचं काम आहे. निम्म्या ओरखड्यांची चिंता तिथेच मिटते, आणि उरलेल्यांपैकी कोणाचं काय करायचं ते दिसायला लागतं.

या इजा येतात कुठून? काही पाण्यातून. कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालायची आपल्याकडची सवय जुनी आहे. दख्खनच्या खडकातलं हे पाणी जड असतं, त्यातले क्षार आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला सुखाने राहू देत नाहीत. पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्ल्या जातात, पांढरी भुकटी साचते, ती काढली की खाली मधाच्या पोळ्यासारखे खड्डे. कूलंट कधी बदललाच नाही तरी हेच होतं, कारण त्यातली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात आणि उरतो तो नुसता हिरवा रंग.

पण बाकीच्या बहुतेक जखमा आपल्याच हातच्या, त्याही सफाई करताना झालेल्या. चिकटलेलं गॅस्केट काढायला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घासून धार लावलेलं घरगुती हत्यार प्रत्येक गॅरेजात असतं. बिडाच्या हेडवर ते खपून जायचं. ॲल्युमिनियमवर त्याचा कोपरा रुतला की गेलंच. त्याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला लावायची तारेची वाटी आणि छोट्या हवेच्या यंत्रावरची घासणारी चकती. काम झटकन होतं, फेस आरशासारखा दिसतो, मालक खूश. प्रत्यक्षात चकती जिथे क्षणभर थांबली तिथे खोलगट जागा झालेली असते, आणि ती डोळ्याला दिसत नाही. दुसरा धोका त्याहून मोठा: चकतीचे कण. ॲल्युमिनियम ऑक्साइडची ही भुकटी तेलाच्या वाटेत शिरली की बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने तर या चकत्या इंजिनाच्या फेसवर वापरू नका म्हणून आपल्या डीलरांसाठी खास सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं. आपल्याकडे त्याच चकत्या आजही स्पेअरपार्टच्या दुकानात हेडसाठी म्हणूनच विकल्या जातात.

गॅस्केट काढायचा खरा उपाय कंटाळवाणा आहे. गॅस्केट विरघळवणारं रसायन लावायचं, ते मऊ होईपर्यंत चहा प्यायचा, मग प्लॅस्टिकच्या खरवडणीने किंवा अगदी आडवं धरलेल्या दाढीच्या पात्याने उचलायचं. भोकांत आधी कापडाचे बोळे. शेवटी पेट्रोल किंवा थिनरने पुसून कोरडं.

मग सरळपट्टी. ती खास घासून सपाट केलेली हवी, दप्तरातली स्टीलची फुटपट्टी चालणार नाही. फेसवर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खाली फिलर घालून पाहायचं. मोटारीच्या हेडला साधारण ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या भाषेत दोन थाऊची पाती कुठे शिरायला नको. लांब हेडला लांबीच्या दिशेने काही कंपन्या ०.१ पर्यंत मुभा देतात. त्या-त्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्यायचा, शेजारच्या गॅरेजमधून नाही. वाक निघाला तर प्रकरण किरकोळ राहत नाही आणि या पुस्तिकेच्याही बाहेर जातं.

वाक नसेल तर उपायांची उतरंड अशी. सर्वांत खाली, काही न करणं. याला धैर्य लागतं, कारण न केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. त्यावर, फक्त उठलेली कड मोडणं. कुठलाही ओरखडा किंवा टोचा पडतो तेव्हा धातू खाली जातो तसा बाजूला वरही येतो, आणि पत्र्याच्या गॅस्केटला खड्ड्याहून हा उठाव जास्त बोचतो. तेलात भिजवलेला बारीक दगड सपाट धरून दोन-चार हात फिरवले की उठाव जातो. खड्डा राहिला तर राहू द्यावा. कानस फेसवर आणूच नये.

पाण्याच्या भोकांभोवतीचे खड्डे भरायचे झाले तर धातूची भुकटी घातलेलं, उष्णता सोसणारं इपॉक्सी वापरता येतं. खड्डे खरवडून गंज पूर्ण काढायचा, डिग्रीझरने धुवायचं, भरायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि फेसच्या पातळीला घासायचं. एम-सील हे नळाच्या जोडासाठी बनवलेलं आहे, तिथे ते उत्तम काम करतं. इंजिनात त्याचं काम नाही. आणि कुठलंही इपॉक्सी, कितीही महाग असो, फायर रिंगखाली घालायचं नाही. तिथलं तापमान आणि दाब त्याला झेपत नाहीत. रिंगजवळचा खड्डा टिग वेल्डिंगने भरून मग फेसिंग करावं लागतं, आणि तो वेल्डरही हेडचा सराव असलेलाच हवा. गेट-खिडक्या जोडणाऱ्याने ॲल्युमिनियमच्या हेडला हात लावला तर एका खड्ड्याच्या जागी वाकडं हेड मिळतं.

एक सिलेंडरचं लहान हेड, शेतीपंपाचं किंवा दुचाकीचं, घरच्या घरी सपाट करता येतं. जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून, वर थोडं तेल टाकून, हेड इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं फिरवत घासायचं. फ्लोट काच चांगलीच सपाट असते. मध्येमध्ये मार्किंगचा निळा रंग लावून उंच जागा कुठे राहिल्या ते पाहायचं. चार सिलेंडरच्या हेडवर हा प्रयोग करू नये, हात सगळीकडे सारखा पडत नाही.

सर्वांत वर फेसिंग, म्हणजे यंत्रावर फेस कापून सपाट करणं. ते वाईट नाही. ॲल्युमिनियमसाठी हिऱ्याच्या, बिडासाठी सीबीएनच्या टोकाचं कटर लावलेलं चांगलं यंत्र पत्र्याच्या गॅस्केटला हवा तसा फेस देतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत असं काम करणारी वर्कशॉप आहेत. त्यांच्याकडे हेड पाठवताना "फेसिंग करा" एवढंच सांगू नये. गॅस्केट कोणतं आहे ते सांगावं आणि किती काढलं ते लिहून मागावं. जुन्या दगडाच्या ग्राइंडरवर घेतलेलं फेसिंग तांब्याच्या पॅकिंगला चाललं असतं, पत्र्याच्या गॅस्केटला चालेल याची हमी नाही.

फेसिंगची खरी किंमत बिलात नसते. मारुती ८०० चं जुनं कार्बोरेटरचं इंजिन घ्या: तीन सिलेंडर, बोअर ६८.५, स्ट्रोक ७२ मिलिमीटर, कॉम्प्रेशन पावणेनऊच्या आसपास. चेंबर हेडमध्ये असल्याने फेस जितका उतरतो तितकी चेंबरची जागा कमी होते. एका फेसिंगला ०.२ मिलिमीटर गेलं तर कॉम्प्रेशन नऊला टेकतं. हे एकदाच झालं तर इंजिनाला फरक पडत नाही. पण पंचवीस वर्षांत तीन मालक आणि तीन गॅरेज, प्रत्येकाने सवयीने फेसिंग मारलेलं, मिळून अर्धा मिलिमीटर उतरला की कॉम्प्रेशन सव्वानऊकडे जातं, चढावर इंजिन खडखडू लागतं. शिवाय कॅमशाफ्ट हेडमध्ये आहे, हेड खाली आलं की टायमिंग बेल्टच्या हिशेबाने व्हॉल्व्ह टायमिंग किंचित मागे पडतं. तिसऱ्या मेकॅनिकला हे कळायला मार्ग नसतो. हेडच्या बाजूला, फेसला धक्का न लावता, किती काढलं ते कोरून ठेवायची पद्धत आपल्याकडे पडली तर फार बरं होईल.

डिझेलची गोष्ट निराळी. टीव्ही-१ सारख्या इंजिनात चेंबर पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत असतो आणि हेड सपाट. तिथे फेसिंगने कॉम्प्रेशन वाढत नाही, मग बिघडलं काय असं वाटतं. बिघडतं ते असं, की व्हॉल्व्ह फेसपासून जितके आत बसलेले असायला हवेत तितके राहत नाहीत आणि पिस्टन वर येतो तेव्हा मधलं अंतर आधीच मिलिमीटरच्या हिश्श्यात असतं. सीट आणि व्हॉल्व्ह पुन्हा खोल बसवल्याशिवाय असं हेड लावू नये.

मोटारीतल्या डिझेलचं उदाहरण म्हणून स्कोडा ऑक्टाव्हिया घ्या. तिची जुळणी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, २००१ मध्ये सुरू झाली. तिच्या १.९ टीडीआय इंजिनावर मराठवाड्यातल्या कितीतरी मेकॅनिकांनी नव्या पद्धतीच्या डिझेलचे पहिले धडे घेतले. हे इंजिन फोक्सवॅगनचं, आणि त्याचं मॅन्युअल म्हणतं: हेडचा वाक ०.१ मिलिमीटरपर्यंत चालेल, आणि डिझेलच्या हेडला फेसिंग करायचं नाही. बस्स, विषय संपला. गॅस्केटची जाडी ठरते ती पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावरून: ०.९१ ते १.०० मिलिमीटर असेल तर एका खुणेचं, १.०१ ते १.१० ला दोन खुणांचं, १.११ ते १.२० ला तीन खुणांचं. दुकानात दोन खुणांचं शिल्लक आहे म्हणून तेच उचलणाऱ्याने ओरखड्यांची चिंता करण्यात अर्थ नाही.

त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ आहे, जी वाचून अनेकांना धक्का बसतो. दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या पट्टीवर बारीक चीर दिसली तर ती अर्ध्या मिलिमीटरपर्यंत रुंद असली तरी हेड वापरायला हरकत नाही. अशी चीर दाखवून मालकाच्या गळ्यात नवीन हेड मारल्याचे प्रसंग ऐकिवात आहेत. मात्र ही सूट त्या इंजिनापुरती, त्या जागेपुरती. चीर पाण्याच्या वाटेपर्यंत गेली आहे का, हे डोळ्याने कळत नाही. त्यासाठी तीन डब्यांची डाय टेस्ट, म्हणजे क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर; किंवा भोकं बंद करून हेडमध्ये हवा भरून गरम पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडे पाहायचे. हेड गरम झाल्यावरच उघडणाऱ्या चिरा गार पाण्यात गप्प बसतात, म्हणून पाणी गरम हवं.

पुस्तिका लिहिली आहे ती गॅरेजमधल्या हाताखालच्या मुलांसाठी आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांसाठी. गाडीच्या मालकानेही चाळली तर बिलावर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारता येतील, आणि जुनं गॅस्केट दाखवा म्हणता येईल. प्रत्येक प्रकरणात आधी ओरखड्याचं चित्र, मग तो नकाशावर कुठे पडतो, आणि मग उपाय, असा क्रम ठेवला आहे. मापं मिलिमीटरमध्ये दिली आहेत, कंसात थाऊत. सुतात दिलेली नाहीत, कारण सुताने हे काम होत नाही. ज्या इंजिनांचे आकडे हाताशी पक्के नव्हते ती वगळली आहेत.

शेवटचं प्रकरण हेडच्या फेसवर नाही, बोल्टांच्या भोकांवर आहे. फेस आरशासारखा झाला, गॅस्केट बरोबर आलं, टॉर्क रेंचही आहे, आणि ब्लॉकच्या आंधळ्या भोकात धुताना चमचाभर पाणी राहिलं. बोल्ट खाली जातो तसं ते पाणी दबतं, त्याला जायला वाट नसते. रेंच बरोबर आकडा दाखवते, पण तो आकडा पाण्याचा असतो, हेडवर दाब आलेलाच नसतो. कधी ब्लॉकचा कोपरा चिरतो. हवेच्या नळीने प्रत्येक भोक कोरडं करणं, आटे साफ करणं, मॅन्युअलने एकदाच वापरा सांगितलेले ताणाचे बोल्ट नवे घेणं आणि मधून बाहेर या क्रमाने आवळणं, हे सगळं तिथे सविस्तर दिलं आहे.